कुठे मेला, हे विचारणारी ओळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती आली आणि चाळणीला ती पटली नाही.

तक्रार सोमवारी दुपारी चार वाजता हातात पडली होती. मधली रात्र सोडली तर दुरुस्ती करणाऱ्याला जेमतेम तीन तास मिळाले होते. तीन तासांत तीन ओळी. तिने त्या दोनदा वाचल्या, खुर्ची मागे सरकवली आणि काचेपलीकडे बसलेल्या आपल्या मामेभावाकडे पाहिलं. तो पेन्सिलीच्या टोकाने कान खाजवत होता.

चाळणी हे तिचं खरं नाव नव्हे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीत बावीस माणसं मिळून एक कंपायलर सांभाळत. प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवायचा, हे कंपायलरचं काम. आणि त्या कंपायलरमध्ये केलेली प्रत्येक दुरुस्ती तपासून तिच्यावर सही करायची, हे तिचं. बारीकसा खडाही खाली पडू देत नाही म्हणून मास्तरांनी तिचं नाव चाळणी ठेवलं होतं. मास्तर कचेरीतले सर्वांत जुने. आधी कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे इथेही मास्तरच राहिले.

तक्रार लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीची होती. त्यांचा प्रोग्रॅम तीनशे बारा फाइलींचा. कंपायलर एकेक फाइल सुटी उतरवतो आणि शेवटी सगळ्या जोडतो. जोडताना सगळा प्रोग्रॅम पहिल्यांदाच एकत्र समोर येतो. कोणतं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा कोणता तुकडा, कोणी बोलावतच नाही, कोणते दोन भाग एकसारखे आहेत, हे तेव्हाच दिसतं आणि नको ते कापता येतं. कचेरीत याला जोडछाटणी म्हणत. लिफ्टच्या छोट्या बोर्डावर जागा थोडी. जोडछाटणी बंद ठेवली तर प्रोग्रॅम मावत नसे, आणि चालू केली तर गेल्या गुरुवारपासून कंपायलर अर्ध्यात मरत, म्हणजे काम टाकून बंद पडत होता.

लिफ्ट कंपनी आपला प्रोग्रॅम बाहेर कोणाला दाखवत नसे. अशा ग्राहकांसाठी कचेरीने एक पद्धत बसवली होती. सोलणी नावाची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ग्राहकाकडे पाठवायची. ती त्याच्याच मशीनवर त्याच्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढायची आणि उरलेला कंपायलरला द्यायची. कंपायलर तरीही मेला, तर ती ओळ बिनकामाची, टाकून द्यायची. नाही मेला, तर परत लावायची. असं तासन्‌तास केल्यावर हजारो ओळींतून मूठभर उरत. मरणाचं कारण त्यांत असे आणि ग्राहकाचं गुपित बहुधा नसे. लिफ्ट कंपनीचा सोललेला प्रोग्रॅम दोन फाइलींचा आणि एकोणीस ओळींचा निघाला होता. तो चाळणीने सोमवारी मामेभावाच्या हाती दिला होता.

ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली.

“काय रे, तीन ओळी?”

“पाच होत्या. दोन खोडल्या.”

“यादी रिकामी आली तर मागे फिर, एवढंच लिहिलंयस.”

“एवढंच लागत होतं, ताई.”

“पण यादी रिकामी का आली?”

“त्या फंक्शनला कोणी बोलावतच नाही. म्हणून बोलावणाऱ्यांची यादी रिकामी. कंपायलर रिकाम्या यादीतला पहिला शोधायला गेला आणि खड्ड्यात पडला. आता आधी यादी बघतो, मग पाय टाकतो.”

“कोणी बोलावत नाही असं फंक्शन लिफ्टवाल्यांनी लिहिलं कशाला?”

“ते त्यांना विचार. आमच्या घरी चार खुर्च्या आहेत, त्यांच्यावरही कोणी बसत नाही.”

शेजारच्या टेबलावर मास्तर हसले. चाळणी हसली नाही.

तिचा एक नियम होता. दुरुस्ती घातली की टेस्ट पास झाली पाहिजे, आणि दुरुस्ती काढली की तीच टेस्ट नापास झाली पाहिजे. औषध थांबवल्यावर ताप परत आला नाही, तर ताप औषधानेच उतरला होता कशावरून, असं ती नव्या लोकांना विचारी. तिने दुरुस्ती काढली. एकोणीस ओळींवर कंपायलर मेला. घातली, जगला. पुन्हा काढली, पुन्हा मेला. मग कचेरीच्या एक्केचाळीस हजार जुन्या टेस्ट लावल्या. चार वाजेपर्यंत एकही नापास झाली नाही. आक्षेप घ्यायला जागा नव्हती, आणि नेमकं तेच तिला खटकत होतं.

दुसऱ्या कोणाची दुरुस्ती असती तर एव्हाना तिने सही केली असती, हे तिला कळत होतं. पण याला नोकरी तिच्या शिफारशीवर मिळाली होती आणि याची एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. नऊ वर्षांचा असताना मामाच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ पडून बंद पडलं. यानं कोणालाही न सांगता ते परत टांगलं आणि आठ दिवस रोज सगळे उठायच्या आत, शाळेतून आल्यावर आणि जेवणाआधी स्टुलावर चढून काटे बरोबर वेळेवर लावले. घड्याळ चालू आहे असंच सगळे धरून चालले. नवव्या दिवशी मामीची गाडी चुकली तेव्हा प्रकार उघड झाला. तेव्हापासून नातेवाइकांत तो घड्याळ्या. यादी रिकामी असेल तर मागे फिर, हे वाचताना चाळणीला ते स्टूल दिसलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी तिने सही केली. दुरुस्त कंपायलर लिफ्ट कंपनीला गेला.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. ‘नवा कंपायलर बसवला. अजून मरतो. कृपया लक्ष घालावे.’

साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेबांच्या टेबलावर कागद नसे. फक्त एक कुंडी आणि ती पुसायचं फडकं.

“टेस्ट पास होती ना?”

“दोन्ही बाजूंनी.”

“मग हे काय?”

“बघते.”

साहेबांनी दार लोटलं. “तुमचा भाऊ आहे म्हणून विचारायला अवघड जातं, पण विचारतोच. त्यांच्याकडून आलेल्या प्रोग्रॅमला त्याने हात लावला असेल? म्हणजे दुरुस्तीला सोयीचा जाईल असा?”

यावर तिला राग यायला हवा होता. आला नाही, कारण जेवायच्या सुट्टीपासून ती स्वतः तोच विचार करत होती.

“शुक्रवारी त्याचे सहा महिने भरतात,” साहेब म्हणाले. “कायम करायचं की निरोप द्यायचा, हे पाचच्या आत मला वर कळवायचंय. सहा महिन्यांतली त्याची ही पहिली मोठी दुरुस्ती, आणि ती ग्राहकाकडे आपटली. तुम्हीच सांगा, मी काय कळवू?”

“शुक्रवारपर्यंत थांबा.”

“थांबतोच आहे.”

गुरुवारी ती अर्धा तास लवकर आली. ग्राहकाचे निरोप आणि त्यांनी पाठवलेल्या सोललेल्या फाइलींच्या मूळ प्रती फक्त तिच्याच मशीनवर असत. गुपितं जितक्या कमी हातांत तितकं बरं, असा कचेरीचा दंडक होता. लिफ्ट कंपनीकडून आलेल्या एकोणीस ओळी एका बाजूला आणि मामेभावाने टेस्ट म्हणून ठेवलेल्या एकोणीस ओळी दुसऱ्या बाजूला, अशा तिने लावून पाहिल्या. दोन ओळी वेगळ्या होत्या.

तो आला तेव्हा तिने त्याला पाण्याच्या मशीनपाशी गाठलं.

“सातवी आणि बारावी ओळ तू बदललीस?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस.”

“नोंदीत लिहिलंय. फंक्शनच्या नावात लिफ्टच्या मॉडेलचं नाव आलं होतं. ते काढायचा नियम आहे. तुझाच नियम आहे.” त्याने पेला भरला, पण प्यायला नाही. “तू मूळ फाइलींवर चालवून बघ ना. तुझ्याकडे आहेत.”

“बघणार आहे.”

“बघ बघ. आणि बघून झालं की साहेबांनाही सांग. काल दार लावून तुम्ही माझ्या लग्नाचं बोलत नव्हतात, एवढं कळतं मला.”

“घड्याळ्या, माझं काम आहे ते.”

“इथे नको म्हणू तसं.” त्याचा आवाज खाली गेला. “आणि खरं सांगू? ते घड्याळ मी पाडलं नव्हतं.”

“मग कोणी पाडलं?”

“आता कशाला ते.” पेला तसाच ठेवून तो जागेवर गेला.

तिने मूळ फाइली चालवल्या. दुरुस्ती नसताना कंपायलर मेला, असताना जगला. नोंदीतही त्याने लिहिलं होतं, दोन नावं बदलल्याचं, तारखेसकट. तो खरं बोलत होता. म्हणजे त्याने दिलेलं काम चोख केलं होतं आणि तरीही लिफ्टचा प्रोग्रॅम मरत होता.

मास्तरांनी चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे मुक्काम ठोकला. “चाळणीबाई, पोराच्या मागे काय लागता? लिफ्टवाल्यांकडे बघा. गुपितं जपणारी माणसं. कापून, शिवून, भलतंच काहीतरी पाठवलं असणार.”

“सोलणी चालवली तर भलतं कसं येईल?”

“चालवली तर. कशावरून चालवली?”

हा संशय तिला बरा वाटला. त्यात घरचं कोणी नव्हतं. तिने लिफ्ट कंपनीला फोन लावला. तिकडची इंजिनियर कधी भेटली नव्हती, पण तिच्या निरोपांत कधी एक शब्द जास्त नसे. कचेरीत तिला नुसतं लिफ्टवाली म्हणत.

“तुम्ही पाठवलेला प्रोग्रॅम सोलणीतूनच निघालेला आहे ना?” चाळणीने विचारलं.

“नाही, मी रविवारी बागेत बसून लिहिला.”

“तसं नाही हो…”

“अहो, बावीस तास चालली तुमची स्क्रिप्ट. शनिवार-रविवार मशीन अडकून पडलं. माझा नवरा म्हणाला, लिफ्टमध्ये माणूस अडकला तरी याच्या आत सुटतो. जे बाहेर आलं, ते एक अक्षर न बदलता पाठवलं.”

“कोणी हात नाही लावला?”

“लावणार कशाला? आम्हाला त्या एकोणीस ओळी ओळखूसुद्धा येत नाहीत. आमच्यातलं असं एकही फंक्शन नाही ज्याला कोणी बोलावत नाही. आम्ही ती महिन्याच्या महिन्याला काढतो. जागाच नाही बोर्डावर.”

चाळणीने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

“तुमच्या प्रोग्रॅममध्ये असं फंक्शन नाही?”

“एकही नाही. आणि मी तुम्हाला पहिल्याच दिवशी कळवलं होतं कंपायलर कुठे मरतो ते. वाचता ना तुम्ही आमचे निरोप?”

फोन ठेवल्यावर तिने शुक्रवारचा तो पहिला निरोप उघडला. मरताना कंपायलर शेवटचं जे बोलतो त्या तीन ओळी खाली जोडलेल्या होत्या. त्या तिने तेव्हा पाहिल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. लिफ्टचा प्रोग्रॅम जोडताना कंपायलर मेला होता तो वेगवेगळ्या फाइलींतली माहितीची वर्णनं जुळवताना. एकोणीस ओळींवर तो मरत होता ते न वापरलेली फंक्शनं काढताना. दोन जागांमध्ये एका मजल्याएवढं अंतर होतं.

म्हणजे सोलणीने एका आजाराचा रोगी आत घेतला होता आणि दुसऱ्याच आजाराचा बाहेर दिला होता. ओळी काढता काढता तिने त्या फंक्शनला बोलावणारे सगळेच काढून टाकले. यादी रिकामी झाली. रिकाम्या यादीवर कंपायलर आणखी एका, कोणालाच माहीत नसलेल्या खड्ड्यात पडून मेला. आणि मेला ना, एवढंच पाहून सोलणी पुढे गेली. जिथून सुरुवात झाली तो पहिला खड्डा त्या वेळी ओळींबरोबर कचऱ्यात गेला. यादी रिकामी का आली, हे चाळणीने मंगळवारी विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता, फक्त तो भावाला विचारला होता.

पण सोलणीने नुसतं मेला का एवढंच पाहायचं नव्हतं. कुठे मेला, हेही पाहायचं होतं. ती ओळ स्क्रिप्टमध्ये होती. चाळणीला पक्कं आठवत होतं. सोलणी मूळची मास्तरांनी लिहिलेली. तिने स्क्रिप्ट उघडली. ओळ होती तिथेच होती, पण तिच्या सुरुवातीला एक खूण मारून ती बंद केलेली होती. दिसत होती, चालत नव्हती.

तिने मास्तरांकडे पाहिलं. ते कपातला उरलेला चहा खिडकीतल्या कुंडीत ओतू की नको अशा विचारात उभे होते. आपलं जुनं काम कोणी उकरू नये म्हणून तर यांनी लिफ्टवाल्यांकडे बोट दाखवलं नसेल? कोणत्या ओळीला कोणी, कधी हात लावला याचा इतिहास कचेरीत कायम राहत असे. तिने त्या ओळीचा इतिहास मागवला.

दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीची तारीख आली. शेजारी नोंद होती: ‘तात्पुरती बंद. पुढच्या आठवड्यात चालू करणे.’ आणि खाली सही तिची.

मग सगळं आठवलं. एका ग्राहकाची सोलणी सारखी अडकत होती. कंपायलरची आवृत्ती बदलली की मरणाच्या जागेचा क्रमांक पुढेमागे व्हायचा आणि जागा जुळत नाही म्हणून सोलणी बिनकामाच्या ओळीही परत लावायची. ग्राहक ओरडत होता. तिने ओळ बंद केली, सोलणी सुरळीत धावली, ग्राहक गप्प झाला. पुढच्या आठवड्यात दुसरी घाई होती. ही दुरुस्ती तपासायला दुसरं कोणी नव्हतं. तपासणारी तीच होती.

बाराच्या सुमारास तिने ओळ चालू केली. या वेळी नुसता क्रमांक न पाहता फंक्शनचं नाव जुळवायचं, असा बदल केला आणि सोलणी लिफ्टवालीकडे पाठवली. निरोपात लिहिलं, ‘सुधारित आवृत्ती. कृपया पुन्हा चालवावी.’ सुधारित का, ते लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही. संध्याकाळी साडेपाचला ती खाली उतरली तेव्हा ही गोष्ट फक्त तिला आणि त्या इतिहासाला ठाऊक होती, आणि इतिहास आपणहून काही बोलत नाही.

बस-थांब्यावर मामीचा फोन आला.

“अगं, याचं काय बिनसलंय? काल जेवला नाही नीट. विचारलं तर म्हणतो, ताईला विचार.”

“कामाचं आहे, मामी. होईल.”

“उद्या पक्का होणार ना तो? तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे हो.”

चाळणीने बस येते का ते पाहिलं. “मामी, ते घड्याळ कोणी पाडलं होतं?”

“कुठलं घड्याळ? ते होय! ह्यांनी पाडलं. फॅन पुसायला चढले आणि कोपर लागलं. माझ्या माहेरचं घड्याळ, मी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून पोराला म्हणाले, दुरुस्तीला टाकेपर्यंत सांभाळ. तो बिचारा आठ दिवस स्टूल वाहत होता. आणि हे दुरुस्तीला टाकायचंच विसरले!”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तू विचारलंस कधी? तू तर नाव ठेवून मोकळी झालीस.”

ते नाव आपणच ठेवलं होतं, हे तिच्या ध्यानातून गेलं होतं.

शुक्रवारी दहाला ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब कुंडीची पानं पुसत होते.

“मी निरोप द्यायचं कळवतोय,” ते म्हणाले. “वाईट वाटतं, पण…”

“त्याची दुरुस्ती बरोबर आहे. दिलेला प्रोग्रॅमच वेगळ्या खड्ड्याचा होता.”

“ते त्याला कळायला नको? आजार कुठला, औषध कुठलं?”

“कळलं असतं, मूळ निरोप पाहिला असता तर. तो माझ्याकडे होता, त्याला दाखवायचा नाही असा दंडक. आणि प्रोग्रॅम वेगळा निघाला तो सोलणीमुळे. जागा तपासणारी ओळ बंद होती.”

“कोणी केली?”

तिने इतिहासाचा छापलेला कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

“दोन वर्षं?”

“आणि चार महिने. तेवढ्या काळात सत्तावन्न तक्रारी सोलणीतून आल्या. सगळ्यांवर माझी सही आहे. त्यांतल्या किती बरोबर ठिकाणच्या, ते मला आज सांगता येत नाही.”

“हे काल कळलं तुम्हाला?”

“काल बाराला.”

“आणि आज सांगताय.”

“आज सांगतेय.”

साहेबांनी फडकं घडी करून ठेवलं. “लेखी द्या. त्याचं मी आज काहीच कळवत नाही. ही दुरुस्ती होईपर्यंत मुदत मागून घेतो. आणि तुमच्या एकटीच्या सहीवर आजपासून काही बाहेर जाणार नाही.”

“बरं.”

“बरं काय? वाद घाला की जरा.”

“वाद घालण्यासारखं काही नाही, साहेब.”

दुपारी तीनला लिफ्टवालीचा निरोप आला. नवा सोललेला प्रोग्रॅम तीन फाइलींचा, चौतीस ओळींचा होता. चाळणी तो घेऊन मामेभावाकडे गेली. त्याने फाइली उघडल्या नाहीत.

“मूळ निरोप दाखव,” तो म्हणाला.

दंडक मोडून तिने दाखवला. त्याने लिफ्टच्या मरणाच्या तीन ओळी आणि चौतीस ओळींच्या मरणाच्या तीन ओळी पेन्सिलीने एकेक शब्द टेकत ताडून पाहिल्या. जागा एकच होती. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

“सोलणीचं मास्तरांकडून कळलं,” तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. “साहेबांना तू स्वतः सांगितलंस म्हणे.”

“हो.”

“घड्याळाचं आईनं सांगितलं असेल.”

“हो.”

“बाबांना सांगू नकोस आईला माहीत आहे म्हणून. अजून घाबरतात तिला.”

या वेळी दुरुस्तीला चार दिवस लागले. लिफ्टच्या दोन फाइली ‘मजला’ नावाच्या एकाच नोंदीचं वर्णन दोन तऱ्हांनी करत होत्या, एक पूर्ण आणि एक अर्धवट. जोडताना जी फाइल आधी येईल तिचंच वर्णन कंपायलर खरं धरी. अर्धवट वर्णन आधी आलं की त्यात नसलेला रकाना शोधायला जाई आणि मरे. त्याने सव्वीस ओळी लिहिल्या: दोन्ही वर्णनं आधी वाचायची, पूर्ण असेल ते धरायचं, आणि दोघांचं जुळतच नसेल तर त्या भागाला कात्री न लावता इशारा द्यायचा. टेस्ट दोन बनवल्या. दुसरीत फाइलींचा क्रम उलटा होता.

“उलट्या क्रमात आधीही मरत नव्हता,” चाळणी म्हणाली. “मग ही टेस्ट कशाला?”

“नीट चालणारं मी बिघडवलं नाही, हे दाखवायला.”

तिने घालून, काढून, दोन्ही क्रमांनी सगळं चालवलं. मग लिफ्टवालीला फोन केला.

“चालला,” लिफ्टवाली म्हणाली. “पूर्ण जोडला, बोर्डावर मावला.”

“आता जुना कंपायलर परत लावून बघा.”

“काय?”

“मेला पाहिजे.”

“बाई, तुम्ही फार संशयी आहात.” पण तिने लावला. पाऊण तासाने निरोप आला: ‘मेला. त्याच जागी. नवा परत लावला. चालला. आता पुरे.’

पुढच्या बुधवारी दुपारी साहेबांनी मामेभावाला कायम केल्याचं पत्र दिलं. पहिल्या दुरुस्तीच्या त्या तीन ओळीही तशाच ठेवल्या, कारण तो खड्डा खरा होता. फक्त त्यात अजून कोणी पडलं नव्हतं. चाळणीच्या सहीखाली आता दुसऱ्या सहीची जागा आली, आणि सत्तावन्न जुन्या तक्रारींची यादी त्या दुसऱ्या सहीवाल्याकडे गेली. दुसरी सही कोणाची, हे साहेबांनी ठरवलं. मास्तर म्हणाले, “चाळणीखाली चाळणी. पीठ तरी उरेल का?”

गुरुवारी सकाळी मामेभाऊ यादीतल्या नवव्या तक्रारीपर्यंत आला होता. पहिल्या आठ बरोबर निघाल्या होत्या. नववीची दुरुस्ती चाळणीने स्वतः केलेली होती. काचेपलीकडून तिला तो दिसत होता. त्याने ती वाचली, पुन्हा वर जाऊन वाचली, खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याकडे पाहिलं.

मग तो उठून तिच्या टेबलापाशी आला.

“ताई, यात यादी रिकामी आली तर मागे फिर, असं लिहिलंयस.”

“हो.”

“यादी रिकामी का आली होती?”

तिला आठवत नव्हतं.

“ग्राहकाचा पहिला निरोप आहे?”

“असायला हवा.”

“बघू,” तो म्हणाला, आणि तिथेच पेन्सिल घेऊन उभा राहिला.

ती निरोप शोधू लागली.